आमची केबल सेवा : चित्र स्वच्छ, दराचा हिशेब अपुरा

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात मी १९९७ पासून एकाच केबलवाल्याचा ग्राहक आहे. सुरुवातीला त्याच्या गच्चीवरील मोठ्या डिशपासून विजेच्या खांबांवरून काळी वायर आमच्या घरापर्यंत आली होती. आज त्याचा स्वतःचा नियंत्रण कक्ष उरलेला नाही. तो एका मोठ्या केबल कंपनीकडून फायबरने सिग्नल घेतो आणि गावातील घरांना पुरवतो. हे परीक्षण या सेवेचे आहे. त्यात मी दराविषयी सर्वांत अधिक लिहिणार आहे, कारण चित्र दिसते की नाही हे ग्राहकाला घरात बसून कळते, परंतु दर योग्य आहे की नाही हे कळण्याची सोय आमच्या गावात एकाही दारात नाही, आणि इतक्या वर्षांत मला या सेवेत जाणवलेली मोठी उणीव तीच आहे.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. चित्र स्वच्छ येते. २०१६ च्या सुरुवातीला सेट-टॉप बॉक्स बसला तेव्हापासून पूर्वीच्या मुंग्या, दुहेरी सावल्या आणि पावसात खरखरणारा आवाज हे सर्व संपले. वायर तुटली किंवा कोपऱ्यावरचा अँप्लिफायर जळाला, तर केबलवाल्याकडे कामाला असलेला मुलगा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन येतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमची गल्ली पाण्याखाली गेली होती. पाणी ओसरल्यावर त्याने घरोघरी फिरून भिजलेले जोड बदलले आणि त्या कामाचे वेगळे पैसे मागितले नाहीत. डीटीएच घेतलेल्या शेजाऱ्यांना तक्रारीसाठी कुठल्या तरी दूरच्या शहरातील फोनवर बटणे दाबत बसावे लागते. आम्हाला समोरच्या माणसाला हाक मारता येते. या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही, किंबहुना त्यासाठीच मी ही जोडणी आजवर सोडलेली नाही.

दराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नव्वदच्या दशकात महिन्याचे पैसे केबलवाला सांगेल तेवढे असत. कोणत्या चॅनेलचे किती, हा प्रश्नच कोणाला सुचत नसे. पावती मिळत नसे आणि आम्ही मागतही नसू. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे कायद्याने प्रत्येक केबलवाल्याला नोंदणी सक्तीची केली. ही नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे. मी टपाल खात्यात नोकरीला होतो आणि काही वर्षे हे अर्ज माझ्या टेबलावरून जात. वर्षाला ५०० रुपये शुल्क, ठरलेला नमुना आणि बारा महिन्यांची मुदत एवढाच तो व्यवहार होता. त्या नोंदणीचा ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या दराशी काहीही संबंध नव्हता. तरीही अनेक जण खिडकीशी येऊन विचारत, ‘साहेब, तुम्हीच त्याला परवाना देता ना, मग त्याने महिना वाढवला त्याचे काय?’ त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नसे. (२०२५ च्या जानेवारीपासून ही नोंदणी टपाल कार्यालयातून निघून थेट माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन गेली आहे.)

त्या काळी दुसरे सरकारी माणूस केबलवाल्याकडे येई ते करमणूक कर शाखेचे. मुंबईसारख्या महानगरपालिकेच्या हद्दीत पुढे हा कर दर जोडणीमागे महिना ४५ रुपयांपर्यंत गेला होता. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत तो त्याहून कमी होता. कर जोडणीवर असल्यामुळे निरीक्षकाला रस असे तो जोडण्यांच्या संख्येत. ग्राहकाकडून महिना किती घेतला जातो हे तपासणे त्याच्या कामात मोडत नव्हते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा हा कर त्यात मिसळला गेला. आता बिलावर १८ टक्के कर दिसतो. राज्यघटनेतील दुरुस्तीने करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकार पंचायती आणि नगरपालिकांपुरता राखून ठेवला आहे. म्हणजे आमची नगरपरिषद केबलवर कर बसवण्याच्या स्थितीत येऊ शकते, पण केबलच्या दराविषयी एक शब्दही विचारू शकत नाही. ही विसंगती मला मनापासून खटकते.

दराचे नियंत्रण आले ते थेट दिल्लीहून. ९ जानेवारी २००४ रोजी केबल सेवा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, कक्षेत आणली गेली, आणि आठवडाभरात ट्रायने आदेश काढला की २६ डिसेंबर २००३ रोजी जो दर चालू होता त्याहून अधिक घेता येणार नाही. कागदावर हा आदेश ग्राहकाच्या हिताचा होता. परंतु २६ डिसेंबर २००३ ला आपण किती देत होतो हे सिद्ध करायला आमच्या गावात कोणाकडेही पावती नव्हती. त्यामुळे पुढच्या दिवाळीत महिना वीस रुपयांनी वाढला, तेव्हा केबलवाला म्हणाला तोच जुना दर ठरला. त्यानंतर २००६ च्या अखेरीस मुंबईच्या काही भागांत बॉक्स सक्तीचा झाला आणि तिथे फ्री चॅनेलांच्या संचाला ७७ रुपये व प्रत्येक पे (वेगळे पैसे लागणाऱ्या) चॅनेलला कमाल ५ रुपये असा साधा, तोंडपाठ होणारा दर ठरला. दादरला राहणारा माझा धाकटा भाऊ त्या वेळी हिशेब करून चॅनेल निवडत असे, याचा मला हेवा वाटे. आमच्यासारख्या गावांपर्यंत ती पद्धत कधी पोहोचलीच नाही.

आमच्याकडे खरा बदल झाला फेब्रुवारी २०१९ मध्ये. ट्रायने मार्च २०१७ मध्ये काढलेले नवे दरपत्रक न्यायालयांत अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी ते कायम केल्यावर ते लागू झाले. पहिल्या शंभर साध्या (एचडी नसलेल्या) चॅनेलांसाठी जाळ्याचे भाडे, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोहोचवण्याचे पैसे, कमाल १३० रुपये, त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर आपण निवडू त्या पे चॅनेलांची छापील किंमत, असा हा हिशेब होता. १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल देणे बंधनकारक झाले आणि त्याहून अधिक कितीही चॅनेल घेतले तरी भाड्याची कमाल मर्यादा १६० रुपये ठरली. एकाच घरात एकाच नावावर दुसरा टीव्ही असेल, तर त्याचे भाडे पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असेही त्याच दुरुस्तीने ठरले. सामान्य कुटुंबाला समजेल आणि उपयोगी पडेल असा तो नियम होता. मी तो कागदावर उतरवून टीव्हीच्या कपाटात ठेवला.

याच नियमाची गाठ माझ्या घरी पडली. जून २०२२ मध्ये आईसाठी माजघरात दुसरा टीव्ही घेतला. तिला सह्याद्री वाहिनी, कीर्तने आणि मराठी बातम्या एवढेच पाहायचे असल्यामुळे त्या बॉक्सवर एकही पे चॅनेल घेतला नव्हता. बसवण्याचे ३५० आणि चालू करण्याचे १०० रुपये घेतले, ते त्या वेळच्या कमाल मर्यादेतच होते आणि त्याची पावतीही मिळाली. पहिल्या टीव्हीचे भाडे १३० रुपये असल्यामुळे दुसऱ्याचे कमाल ५२ रुपये, करासह ६१ रुपये ३६ पैसे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दरमहा १५३ रुपये ४० पैसेच आकारले जात होते. दोन बॉक्सचा एकत्र आकडा सांगून पैसे घेतले जात असल्याने हे माझ्या लक्षात यायला पाच महिने लागले. फरक महिन्याला ९२ रुपये ४ पैशांचा होता. पाच महिन्यांचे ४६० रुपये २० पैसे झाले होते. रक्कम मोठी नव्हती, पण ती नियमाने आमची होती.

वसुलीला येणाऱ्या मुलाला मी तो कागद दाखवला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, हे आमच्या हातात नाही, आकडा वरूनच येतो.” मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. बॉक्स चालू-बंद करण्याची आणि आकार लावण्याची संगणक प्रणाली सिग्नल देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असते आणि गावातला केबलवाला तिचे पैसे आगाऊ भरतो. ट्रायच्या नियमांप्रमाणे दोघांचा वेगळा करार झाला नसेल, तर भाड्यापैकी ५५ टक्के कंपनीला आणि ४५ टक्के केबलवाल्याला मिळतात. म्हणजे १३० रुपयांतले ५८ रुपये ५० पैसे त्याचे, आणि त्यातून वायर, माणसे, खांबांवरची कामे आणि वसुली. केबलवाला म्हणजे लूट करणारा, असे जे सरसकट बोलले जाते ते मला पटत नाही. आमच्या केबलवाल्याने दोन्ही मुलांना या धंद्यात आणले नाही, यावरून धंद्याची स्थिती कळते.

मग दाद मागायची कुठे? मी नगरपरिषदेत गेलो. तिथल्या लिपिकाने आदराने बसवले आणि सांगितले की त्यांच्याकडे केबलविषयी फक्त रस्ता खोदाईच्या परवानगीचे अर्ज येतात. तहसील कार्यालयात जुन्या करमणूक कराची थकबाकी असल्यास तेवढेच पाहिले जाते, असे कळले. कायद्यात जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हटले आहे. नोंदणीविना चालवलेले जाळे थांबवणे, आक्षेपार्ह कार्यक्रम रोखणे, उपकरणे जप्त करणे असे गंभीर अधिकार त्यांना आहेत. एका ग्राहकाच्या दुसऱ्या टीव्हीचे भाडे ५२ की १३०, याचा निवाडा करायला प्रांतसाहेबांनी वेळ काढावा, अशी त्या अधिकारांची रचनाच नाही. ट्राय दर ठरवते, पण एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथवर एका खेपेचे एसटीचे भाडे आणि दिवसाचा खोळंबा धरला, तर ४६० रुपयांसाठी तो मार्ग धरणारा ग्राहक क्वचितच निघेल. या सर्व दारांवर मला कोणीही वाईट वागवले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. माणसे चांगली होती, पण हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

शेवटी सिग्नल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या, अधिकाऱ्याचा पत्ता सापडला. असा अधिकारी नेमणे आणि त्याचा पत्ता जाहीर करणे कंपनीवर बंधनकारक आहे. मी पावत्यांच्या प्रती, नियमाचा क्रमांक आणि रुपये-पैशांचा हिशेब जोडून पत्र पाठवले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर फोन आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाडे ६१ रुपये ३६ पैशांवर आले व मागील रक्कम खात्यात जमा झाली. मी टपाल खात्यातला, पत्र लिहायची आणि पोचपावती जपायची सवय असलेला माणूस. आमच्याच गल्लीत दुसरे टीव्ही असलेली सात-आठ घरे आहेत. त्यांतल्या दोघांनाच मी या नियमाविषयी विचारले आणि त्या दोघांनी तो माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

योगायोगाने त्याच फेब्रुवारीत दुसराही अनुभव आला. नव्या दरांवरून मोठ्या प्रसारण कंपन्या आणि काही मोठ्या केबल कंपन्या यांच्यात करार झाले नाहीत, आणि १८ फेब्रुवारीपासून काही दिवस अनेक लोकप्रिय चॅनेल बंद राहिले. आमचे महिन्याचे पैसे भरलेले होते आणि वादात आमचा काहीही संबंध नव्हता. केबलवाला घरोघरी जाऊन हात जोडत होता. वादाचे मूळ असे की बुके, म्हणजे अनेक चॅनेलांचा एकत्र गठ्ठा, यात सामील करायच्या चॅनेलची कमाल किंमत २०२० च्या दुरुस्तीने १९ वरून १२ रुपयांवर आणली होती. प्रसारण कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने जून २०२१ मध्ये बहुतांश दुरुस्ती उचलून धरली. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर नेली. एवढ्या लांबलचक प्रक्रियेत ग्राहकाचे म्हणणे ऐकायला ट्रायची लेखी मते मागवणारी सूचना हाच मुख्य मार्ग होता, आणि ते मसुदे वाचून उत्तर देणारे लोक आमच्या तालुक्यात कितीसे असणार?

दर ठरवण्यात गावाच्या कारभाराचा हात असू शकतो, याचे जगातले ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे आणि ते इथे सांगणे अप्रस्तुत नाही. तिथे केबल कंपनीला रस्त्यांखालून वायर न्यायची तर शहराची परवानगी लागते, आणि त्या बदल्यात शहर कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकते. १९८४ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी दरांवरचे नियंत्रण काढले आणि दर भराभर वाढले. तेव्हा १९९२ मध्ये तिथल्या संसदेने राष्ट्राध्यक्ष बुश यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला, आणि मूलभूत चॅनेलांच्या संचाचा व बॉक्सचा दर तपासण्याचा अधिकार शहरांना दिला. कंपनीने ठरावीक नमुन्यात खर्चाचा हिशेब द्यायचा आणि शहराने तो तपासायचा, अशी ही पद्धत होती. १९९४ पर्यंत तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) दर साधारण १७ टक्क्यांनी खाली आणण्याचे आदेश दिले होते. पुढे उपग्रह सेवांची स्पर्धा आली आणि २०१५ मध्ये आयोगाने स्पर्धा आहे असे गृहीत धरायचे ठरवल्यावर बहुतेक शहरांचा हा अधिकार प्रत्यक्षात संपला. म्हणजे ती व्यवस्थाही टिकली नाही, हे मला मान्य आहे. पण काही वर्षे तरी तिथला ग्राहक आपल्याच नगरसभेत उभा राहून ‘ही वाढ का?’ असे विचारू शकत होता आणि उत्तर देण्याचे बंधन कोणावर तरी होते.

स्पर्धा असली की नियंत्रण नको, हा युक्तिवाद आपल्याकडेही झाला आहे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने जाळ्याच्या भाड्यावरची १३० आणि १६० रुपयांची मर्यादा काढून टाकली, आणि बसवणे, चालू करणे यांचे दरही कंपन्यांवर सोपवले. आता भाडे किती हे कंपनी ठरवते, प्रदेश किंवा ग्राहकांचा वर्ग पाहून ते वेगवेगळेही ठेवू शकते. तिने फक्त ते जाहीर करायचे. त्यानंतर काही महिन्यांत आमच्या पॅकचा महिना २० रुपयांनी वाढला. २० रुपये फार नाहीत. परंतु स्पर्धेचा युक्तिवाद आमच्या गावाला कितपत लागू पडतो हे पाहिले पाहिजे. गल्लीत दुसऱ्या केबलवाल्याची वायर नाही. डीटीएच आहे, पण पावसाळ्यात सिग्नल जातो आणि नवी छत्री, नवा बॉक्स यांचा खर्च वेगळा. दूरदर्शनची फ्री डिश एकदाच पैसे भरून मिळते आणि ज्यांना मालिकांची ओढ नाही त्यांना मी ती निःसंकोच सुचवतो, पण आमच्या घरातली रात्रीची मालिका तिच्यावर दिसत नाही. मोबाइलवर पाहण्याची सवय आईला लागणे नाही.

एकंदर सेवेविषयी मत विचारले, तर दुरुस्ती आणि माणुसकी यांसाठी मी या केबलवाल्याला पूर्ण गुण देतो, चित्राला त्याहून थोडेच कमी. आकारणीला मात्र निम्मेही देता येत नाहीत, आणि त्यातला मोठा दोष सिग्नल देणाऱ्या कंपनीचा व दूरवरून चालणाऱ्या व्यवस्थेचा आहे. ज्यांना ही जोडणी घ्यायची आहे त्यांनी प्रत्येक बॉक्सचे भाडे, पे चॅनेल आणि कर वेगवेगळे लिहून मागावेत, एकत्र आकड्यावर समाधान मानू नये. बॉक्सवरील यादीत चॅनेलसमोर किंमत दिसते, ती पावतीशी ताडून पाहावी. दुसरा टीव्ही असेल तर त्याच्या भाड्याविषयी आधीच लेखी विचारावे.

नगरपरिषदेला मी गेल्या महिन्यात एक अर्ज दिला आहे. दर ठरवण्याचा अधिकार तिला नाही हे मला ठाऊक आहे आणि तो मी मागितलेलाही नाही. मालमत्ता कराच्या खिडकीशेजारी एक फलक लावावा, त्यावर गावात सिग्नल देणाऱ्या प्रत्येक कंपनीचे जाहीर केलेले भाडे, दुसऱ्या टीव्हीचा दर आणि नोडल अधिकाऱ्याचा फोन लिहावा आणि कंपनीने दर बदलला की फलकही बदलावा, एवढीच विनंती त्यात आहे. अर्ज आवक झाला, क्रमांक मिळाला. केबलवाल्याला मी त्याची प्रत दिली, तेव्हा फलकाच्या रंगाचा खर्च आपण करू असे तो आपणहून म्हणाला. या महिन्याच्या १० तारखेला त्याने आणून दिलेल्या पावतीवर माजघरातल्या बॉक्सचे भाडे पहिल्यांदाच वेगळ्या ओळीत छापलेले आहे.